लेखी उत्तर

आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात मी संगणकशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं महाराष्ट्रातल्या एका अनुदानित महाविद्यालयात होते आणि तिथे महाविद्यालयांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या नॅकच्या भेटीच्या तयारीत रात्री उशिरापर्यंत थांबून फाइली लावल्या होत्या. इथे रुजू झाल्यावर विभागप्रमुखांनी सांगितलं, ‘पुढच्या वर्षी आपल्या विभागाचा क्वालिटी रिव्ह्यू आहे, तू समन्वय समितीत ये.’ कामाचा सांगाडा ओळखीचाच होता. आधी विभागाने स्वतःबद्दल अहवाल लिहायचा, मग बाहेरची समिती येणार, भेटीगाठी घेणार आणि आपला अहवाल देणार. पण दोन गोष्टी मला नव्या होत्या. एक म्हणजे, या सगळ्याच्या शेवटी आम्हाला कसलीही श्रेणी मिळणार नव्हती. आणि दुसरी, समितीच्या प्रत्येक शिफारशीला विभागाने आणि विद्यापीठाने लेखी उत्तर द्यायचं होतं. या दोन गोष्टींमुळे काय बदलतं, ते मी आधी परीक्षण होणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं आणि पुढे परीक्षण करणाऱ्यांच्याही.

इथे हे सगळं १९९७च्या विद्यापीठ कायद्यापासून सुरू होतं. त्या कायद्याच्या ३५व्या कलमाने विद्यापीठांवर जबाबदारी टाकली की, गुणवत्तेची कार्यपद्धती त्यांनी स्वतः आखावी आणि प्रत्येक विभागाचं, तसंच विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सेवांचं, जास्तीत जास्त दहा वर्षांत एकदा तरी मूल्यमापन करावं. मूल्यमापन करणाऱ्यांत विद्यापीठाबाहेरची, देशोदेशींच्या कामाशी तुलना करू शकणारी माणसं हवीत. ज्यांना शिकवलं जातं, त्या विद्यार्थ्यांचं मत त्यात हवं. आणि निष्कर्ष प्रसिद्ध करायचे. सेवांचंही मूल्यमापन असल्याने ग्रंथालय, वसतिगृह, आरोग्यकेंद्र, प्रवेश कार्यालय यांचीही पाळी येते. ट्रिनिटीसारखं १५९२ साली स्थापन झालेलं विद्यापीठ असो की १९८९ साली विद्यापीठाचा दर्जा मिळालेलं डब्लिन सिटी विद्यापीठ असो, नियम एकच.

पुढे २०१२च्या कायद्याने तोवरच्या चार संस्था एकत्र करून ‘क्वालिटी अँड क्वालिफिकेशन्स आयर्लंड’ ही एकच राष्ट्रीय संस्था उभी केली. बोलताना सगळे तिला क्यूक्यूआय म्हणतात. ती विभागांच्या परीक्षणाला येत नाही. ती अख्ख्या विद्यापीठाकडे पाहते आणि विचारते, तुमच्या विभागांचं परीक्षण करायची तुमची पद्धत चालते का, तिच्यातून काही सुधारतं का? २०१७पासून तिने ‘किंचे’ नावाने एकेका संस्थेचं असं परीक्षण केलं. विद्यार्थी हा त्या समितीचा पूर्ण सदस्य असतो, साक्षीला बोलावलेला पाहुणा नसतो. विभागांचं परीक्षण मात्र विद्यापीठाने स्वतःच करायचं.

आमच्या समन्वय समितीत प्राध्यापक होतेच. पण विभागाच्या कार्यालयात पंचवीसेक वर्षं काढलेल्या एक बाई होत्या, प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ होते, पीएच. डी. करणारा एक मुलगा आणि तिसऱ्या वर्षाची एक मुलगीही होती. पहिल्या बैठकीत आम्ही प्राध्यापक संशोधनाबद्दल बोलत राहिलो. किती निधी आणला, किती शोधनिबंध झाले. कार्यालयातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘पहिल्या वर्षाची मुलं ऑक्टोबरच्या अखेरीस यायची बंद होतात. माझ्याकडे कोर्स सोडायचा फॉर्म मागायला येतात, तेव्हा मला कळतं. तुम्हाला कळतं का?’ कुणीच बोललं नाही. अहवालाची दिशा त्या प्रश्नाने ठरली.

आयर्लंडमध्ये पहिल्या वर्षातून दुसऱ्यात न जाणाऱ्यांचं प्रमाण संगणकशास्त्रात इतर बऱ्याच विषयांपेक्षा जास्त राहिलेलं आहे, हे उच्च शिक्षण प्राधिकरणाचे आकडे वर्षानुवर्षं दाखवतात. कारणंही सगळ्यांना तोंडपाठ होती. शालान्त परीक्षेत, म्हणजे लीव्हिंग सर्टिफिकेटमध्ये, वरच्या पातळीचं गणित घेऊन ते पार करणाऱ्याला २०१२पासून प्रवेशासाठी २५ जादा गुण मिळतात. तरीही कच्चं गणित घेऊन येणारी मुलं असतातच. शाळेत प्रोग्रामिंग न केलेली असतात, दुसराच कोर्स हवा होता पण हा मिळाला अशीही असतात. हे सगळं खरं होतं, पण यातलं एकही कारण आमच्या हातातलं नव्हतं. आमच्या हातातलं काय आहे, हे शोधायला मुलांशी बोलणं भाग होतं.

तिसऱ्या वर्षाच्या त्या मुलीने ते काम अंगावर घेतलं. तिने पहिल्या वर्षाच्या मुलांच्या छोट्या छोट्या बैठका घेतल्या. आम्ही कुणी तिथे नव्हतो. तिने आणलेलं उत्तर आमच्यापैकी कुणाच्या यादीत नव्हतं. सत्राच्या सातव्या-आठव्या आठवड्यात सगळ्या विषयांच्या असाइनमेंट एकदम अंगावर येतात. पहिली तपासून हातात पडायच्या आत दुसरी जमा करायची असते, त्यामुळे पहिलीत काय चुकलं ते कळतच नाही. डब्लिनच्या भागात घरभाडी इतकी वाढली आहेत की बरीच मुलं किल्डेअर, मीथ, लाउथ अशा आसपासच्या काउंटींतून रोज ये-जा करतात. सकाळी नऊच्या लॅबला ती पहाटे बस पकडून येतात, आणि मग दुपारी चारच्या तासापर्यंत बसायला जागा नसते. काही जण म्हणाले, ‘नऊची लॅब एकदा चुकली की मागे पडतो, आणि मागे पडल्याचं सांगायला कुणी नसतं.’

हे अहवालात लिहायचं की नाही, यावर विभागात वाद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याला वाटत होतं की, आपणच आपल्या उणिवा अशा मांडल्या तर विद्यापीठाला निधी कापायला निमित्त मिळेल. माझ्या डोळ्यांसमोर नॅकचा स्वमूल्यमापन अहवाल होता. त्यातही बलस्थानं, कमतरता, संधी, आव्हानं असं लिहायला जागा असायची. आम्ही कमतरतेच्या रकान्यात ‘जागेची मर्यादा’, ‘ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी’ असं निरुपद्रवी काहीतरी लिहायचो. कारण सरळ होतं. शेवटी एक आकडा येणार होता, त्या आकड्यावर महाविद्यालयाची श्रेणी, अनुदान आणि प्रवेश अवलंबून होते. अशा वेळी खरी कमतरता कोण लिहील? इथे गुणच मिळणार नव्हते. गमावण्यासारखं काही नव्हतं, आणि लिहिलं तर मदत मिळण्याची शक्यता होती. वाद मिटला तो याच मुद्द्यावर. सातव्या आठवड्याचं आणि नऊच्या लॅबचं प्रकरण अहवालात गेलं.

मग परीक्षण समिती आली. तिच्यात आमच्या विषयातले दोन प्राध्यापक परदेशातून आले होते. विद्यापीठातल्या दुसऱ्या शाखांचे दोघे होते आणि उद्योगातली एक व्यक्ती. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी विभागातल्या जवळजवळ प्रत्येकाला भेटून घेतलं. सर्वांत लांबलेली भेट विद्यार्थ्यांची. त्या वेळी विभागप्रमुखांपासून आम्हा सगळ्यांना त्या मजल्यावरच थांबायची परवानगी नव्हती. दुसरी अट अशी की, अहवालात कुठल्याही शिक्षकाचं व्यक्तिशः मूल्यमापन करायचं नाही. मुलांनी एखाद्याचं नाव घेऊन तक्रार केली, तर समिती त्यातून विभागाच्या पद्धतीतला दोष शोधते. माणसाचा निवाडा करायला वेगळी यंत्रणा असते. ही अट शिक्षकांच्या सोयीची वाटेल, पण तिचा फायदा मुलांना जास्त झाला. आपल्या बोलण्याने कुणाची नोकरी धोक्यात येणार नाही आणि आपल्यावरही कुणी डूख धरणार नाही, हे ठाऊक असल्याने ती मोकळेपणाने बोलली.

शेवटच्या दुपारी सगळा विभाग एका वर्गात जमला. समितीच्या अध्यक्षांनी आधी चांगल्या गोष्टी वाचून दाखवल्या, मग शिफारशी. त्यावर चर्चा नाही, प्रश्न नाहीत. काही आठवड्यांनी लेखी अहवाल आला. त्यात तथ्याची चूक असेल तर दुरुस्ती सुचवता येते, मत बदलायला सांगता येत नाही. मग आमचं खरं काम सुरू झालं. प्रत्येक शिफारशीपुढे लिहायचं होतं, आम्ही हे करू, कोण करेल, केव्हापर्यंत. आणि करणार नसू, तर का नाही.

शिफारशींची वर्गवारी इथल्या विद्यापीठांत अशी करतात. काही विभागाच्या स्वतःच्या हातातल्या. काही विद्यापीठाच्या दुसऱ्या कार्यालयांच्या हातातल्या. आणि काही पैशाशिवाय होणारच नाहीत अशा. या वर्गवारीने जबाबदारी एकमेकांवर ढकलायची वाट बंद होते. असाइनमेंटचं वेळापत्रक आमच्याच हातात होतं. सगळ्या विषयांच्या तारखा एका तक्त्यावर मांडल्या, तेव्हा कोंडी कुठे होते ते पहिल्यांदाच एकत्र दिसलं. तोवर प्रत्येक जण आपापल्या विषयापुरता शहाणा होता. तपासलेली असाइनमेंट तीन आठवड्यांत परत करायची आणि तोवर पुढची जमा करून घ्यायची नाही, हा नियम झाला. नऊच्या लॅबचा प्रश्न वेळापत्रक कार्यालयाकडे गेला. त्यांनी सगळ्या लॅब हलवणं शक्य नाही म्हणून कळवलं, पण पहिल्या वर्षाच्या एका गटाची लॅब दुपारी नेली. लांबून येणाऱ्या मुलांना तो गट निवडता येऊ लागला. कायम प्राध्यापकांच्या दोन जागांची शिफारस पैशाच्या रकान्यात गेली. तिथे विद्यापीठाचं उत्तर आलं, ‘सध्या शक्य नाही.’

त्या उत्तराचा मला राग आला होता. मग एका सहकाऱ्याने मूळ कायदा दाखवला. १९९७च्या कायद्यातच तरतूद होती की, विद्यापीठाने निष्कर्षांची अंमलबजावणी करायची, पण उपलब्ध साधनं पाहता ती व्यवहार्य नसेल तर सोडता येईल. ही पळवाट आहे का? काही प्रमाणात आहे. २००८च्या आर्थिक पडझडीनंतर सरकारने सार्वजनिक नोकरभरतीवर बंधनं घातली, विद्यापीठांतल्या जागा गोठल्या आणि विद्यार्थी मात्र वाढत गेले. त्या काळातल्या कित्येक विभागांच्या परीक्षण अहवालांत ‘माणसं कमी आहेत’ हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येतं. परीक्षणाने पैसा येत नाही. पण ‘शक्य नाही’ हे लेखी आणि प्रसिद्ध होतं, तेव्हा पुढच्या वेळी तोच प्रश्न पहिल्यापासून सिद्ध करावा लागत नाही. आमच्या दोन जागांपैकी एक पुढे मिळाली, आणि मागणी करताना विभागप्रमुखांनी त्या अहवालाचं पान जोडलं होतं.

काही काळाने मला दुसऱ्या एका विभागाच्या परीक्षण समितीत विद्यापीठातली सदस्य म्हणून घेतलं. तिथे माझ्या मनावर सगळ्यात खोल ठसा उमटला तो डेमॉन्स्ट्रेटरच्या भेटीचा. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे पीएच. डी. करता करता तासाच्या बोलीवर लॅब सांभाळणारी मुलं. पदवीच्या विद्यार्थ्यांना रोज दिसणारा विद्यापीठाचा चेहरा म्हणजे तीच. विभागाच्या जाडजूड अहवालात त्यांच्याबद्दल एक परिच्छेद होता. खोलीत आल्यावर ती गप्प होती. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांचा प्रबंध चालू होता, तेच विभागातले वजनदार लोक होते. त्या मुलांपैकी निम्मी भारतातून आणि चीनमधून आलेली, व्हिसा संशोधनाशी बांधलेला. त्यांची ती चुप्पी मला फार जवळून ओळखीची होती.

अध्यक्षांनी वही बंद केली आणि एकच प्रश्न विचारला, ‘गेल्या आठवड्यात तुम्ही काय काय केलंत, ते फक्त सांगा.’ मत विचारलं नाही, तक्रार विचारली नाही. मग एकेकाने सांगायला सुरुवात केली. लॅबचे तास, त्याचे पैसे मिळतात. लॅबच्या आधीची तयारी, त्याचे मिळत नाहीत. तपासणीला प्रत्येक वहीमागे धरलेला वेळ आणि खरोखर लागणारा वेळ, यात मोठा फरक. तपासणी वेळेत संपत नाही म्हणून शेरे लिहायचे नाहीत, नुसते गुण द्यायचे, असं त्यांनी आपापसांत ठरवलं होतं. याच विभागातले पदवीचे विद्यार्थी सकाळी आम्हाला सांगून गेले होते की वहीवर शेरे मिळत नाहीत. दोन्ही टोकं एका दिवसात जुळली. आम्ही शिफारस लिहिली की, तयारी आणि तपासणीच्या तासांचा हिशेब खऱ्या वेळेवर धरावा. कुणाचं नाव नाही, कुणावर ठपका नाही. विभागाच्या सुधारणा आराखड्यात ती शिफारस ‘आमच्या हातातली’ या वर्गात स्वीकारली गेली, आणि वर्षभराने पाठपुराव्याच्या बैठकीत नवा हिशेब समोर ठेवला गेला. त्या मुलांना कुठल्याही दुसऱ्या वाटेने हे मिळालं असतं, असं मला वाटत नाही.

व्यक्तीच्या कामाचं मूल्यमापन इथे वेगळं होतं. सरकार, मालक आणि संघटना यांच्यात २००३ साली झालेल्या राष्ट्रीय करारानंतर ते विद्यापीठांत रुजत गेलं आणि पीएमडीएस या नावाने ओळखलं जातं. वर्षातून एकदा विभागप्रमुखांबरोबर बसायचं, गेल्या वर्षीचं काम, पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट आणि कुठलं प्रशिक्षण हवं ते बोलायचं. त्यावर पगार ठरत नाही. आपल्याकडे २०१०च्या यूजीसी नियमावलीनंतर शिक्षकांच्या बढतीसाठी लागणारे एपीआयचे गुण जमवायला किती परिसंवाद भरले आणि किती नियतकालिकं निघाली, ते मी पाहिलं होतं. इथे पहिल्याच बैठकीत मी सांगू शकले की, दोनशे मुलांच्या वर्गाला शिकवणं मला जमत नाहीये, मदत हवी. गुणांचा तक्ता समोर असता तर हे वाक्य तोंडातून निघालं नसतं.

पण बढतीचा प्रश्न आला की निवाडा होतोच, आणि तो बंद दाराआड झाला तर काय होतं, याचं उदाहरण याच देशात आहे. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक मिशेलिन शीही स्केफिंग्टन गॉलवे विद्यापीठात शिकवत होत्या. २००८-०९च्या फेरीत त्यांना वरिष्ठ अधिव्याख्यातापद नाकारलं गेलं. त्या फेरीत बढती मिळालेल्या १७ जणांत स्त्री एकच होती. त्या समानता न्यायाधिकरणाकडे गेल्या आणि नोव्हेंबर २०१४मध्ये जिंकल्या. भरपाईचे ७०,००० युरो त्यांनी त्याच फेरीत डावललेल्या इतर स्त्रियांच्या लढ्याला दिले. त्यानंतर २०१६ साली उच्च शिक्षण प्राधिकरणाने देशभरातल्या संस्थांमधल्या स्त्री-पुरुष समानतेचा आढावा प्रसिद्ध केला. आज बढतीच्या प्रत्येक फेरीनंतर किती स्त्रियांनी अर्ज केला आणि किती जणींना मिळालं, हे आकडे आम्ही मागतो आणि ते मिळतात. एका बाईने उत्तर मागितलं आणि ते मिळेपर्यंत सोडलं नाही, म्हणून.

या पद्धतीचा शीण मला माहीत आहे. अहवाल लिहिण्यात संशोधनाचे आठवडे जातात. वर्षाला गुणवत्ता अहवाल, कामगिरीचे करार, सर्वेक्षणं यांचे कागद वाढतच आहेत आणि तेच आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत भरावे लागतात. ते कमी व्हायला हवेत, असं मी प्रत्येक संधीला म्हणते. पण विद्यार्थ्यांशी बाहेरच्या माणसाने बंद खोलीत बोलणं आणि त्यातून आलेल्या प्रत्येक शिफारशीला लेखी उत्तर देणं, या दोन गोष्टींतला वेळ वाया गेला, असं मला कधी वाटलं नाही.

नॅकनेही २०२४मध्ये श्रेणींची उतरंड सोडून ‘मान्यता आहे किंवा नाही’ अशा पद्धतीकडे जायचं जाहीर केलं, तेव्हा जुन्या महाविद्यालयातल्या मैत्रिणींशी फोनवर बरंच बोलणं झालं. त्यांनी विचारलं, श्रेणी गेली तर कुणी मनावर घेईल का? माझा अनुभव असा आहे की श्रेणी नसेल तरच माणसं खरं सांगतात, मात्र खरं सांगणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे. याला कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयातले दोन शिक्षक दोन दिवसांसाठी बोलवा. विभागातला एकही शिक्षक जवळपास नसताना त्यांना मुलांशी, प्रयोगशाळा सहायकांशी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांशी बोलू द्या. कुणाचं नाव अहवालात येणार नाही, असं आधी सांगा. त्यांनी सुचवलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ‘करतो, अमुक तारखेपर्यंत’ किंवा ‘करता येत नाही, अमुक कारणाने’ असं लिहा आणि तो कागद सूचनाफलकावर लावा. वर्षभराने त्याच दोघांना पुन्हा बोलवा. खर्च त्यांच्या एसटीच्या तिकिटाचा आणि दोन वेळच्या जेवणाचा. मैत्रिणींच्या महाविद्यालयातला एक विभाग येत्या सत्रात हे करून पाहणार आहे, आणि त्यांच्या यादीतलं पहिलं नाव तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं आहे.